भीषण विनोद आणि त्याची किंमत : डिफो व स्विफ्ट यांच्या दोन पुस्तिका (थ्रेड)

१/१२
डॅनियल डिफो आणि जोनाथन स्विफ्ट ही नावे मराठी वाचकाला ‘रॉबिन्सन क्रूसो’ आणि ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मुळे ठाऊक असतात. या दोघांनी अंगावर काटा आणणारा विनोद राजकीय शस्त्र म्हणूनही वापरला. एकाला त्यापायी भर चौकात शिक्षा झाली. दुसऱ्याची पुस्तिका आजही वाचली जाते. असा विनोद समाजावरील टीका म्हणून खरोखर परिणामकारक ठरतो का?

२/१२
साल १७०२. इंग्लंडमध्ये राजमान्य चर्चबाहेर उपासना करणाऱ्या प्रॉटेस्टंटांना ‘डिसेंटर’ म्हणत. १६८९च्या कायद्याने त्यांना उपासनेची मुभा दिली होती. सरकारी पदासाठी मात्र राजमान्य चर्चचा विधी करणे सक्तीचे होते. अनेक जण पदापुरता तो विधी उरकत. ही पळवाट बुजवण्यासाठी कट्टर टोरी मंडळी इरेला पेटली होती आणि काही धर्मोपदेशक व्यासपीठावरून आग ओकत होते.

३/१२
त्या डिसेंबरात ‘द शॉर्टेस्ट वे विथ द डिसेंटर्स’ ही निनावी पुस्तिका निघाली. तिचा सूर असा : दयामाया पुष्कळ झाली, आता या लोकांच्या उपदेशकांना फासावर द्यावे आणि त्यांच्या सभांना जाणाऱ्यांना देशोधडीला लावावे. भाषा हुबेहूब कट्टरपंथी प्रवचनाची होती.

४/१२
लेखक होता डिफो, आणि तो स्वतः डिसेंटर होता! विरोधकांचा युक्तिवाद शेवटच्या टोकाला नेऊन त्याचे क्रौर्य उघडे पाडावे, हा त्याचा हेतू. परंतु हा उपरोध आहे, अशी खूण त्याने कुठेच ठेवली नाही. काही कट्टरपंथीयांनी पुस्तिकेची वाखाणणी केली, तर डिसेंटर भयभीत झाले. लेखकाचे नाव फुटताच दोन्ही पक्ष त्याच्यावर उलटले.

५/१२
सरकारने त्याला पकडून देणाऱ्यास ५० पौंडांचे इनाम लावले. ‘लंडन गॅझेट’मध्ये त्याचे आकडेबाज नाक आणि ओठांजवळचा मोठा तीळ यांसह वर्णन छापले गेले. फेब्रुवारी १७०३मध्ये पार्लमेंटच्या आदेशाने पुस्तिका जाळण्यात आली. मे महिन्यात डिफो पकडला गेला. शिक्षा झाली ती दंड, तुरुंगवास आणि तीन दिवस चौकातील लाकडी चौकटीत मान व हात अडकवून उभे राहण्याची.

६/१२
२९ ते ३१ जुलै १७०३ या तीन दिवसांत ही शिक्षा अमलात आली. लोकांनी दगडांऐवजी फुले फेकली, अशी आख्यायिका आहे. तुरुंगातून त्याची सुटका नोव्हेंबरात रॉबर्ट हार्ली या राजकारण्याच्या मदतीने झाली. पुढे डिफोने त्याच्यासाठी लेखणी झिजवली आणि हेरगिरीही केली. सत्तेवर आसूड ओढणारा लेखक सत्तेचाच चाकर झाला.

७/१२
हा डाव का फसला? व्यासपीठावरून जे बोलले जात होते, त्याहून पुस्तिका फार पुढे गेलेली नव्हती. वास्तवच टोकाला पोहोचले की अतिशयोक्तीला जागा उरत नाही, आणि नक्कल अस्सल वाटू लागते. पळवाट बंद करणारा कायदा अखेर १७११मध्ये झालाच. तो १७१९मध्ये रद्द झाला.

८/१२
आता १७२९चे डब्लिन. अनेक मोठे जमीनदार इंग्लंडमध्ये राहून आयर्लंडचा खंड खात होते. तयार लोकरी मालाची परदेशी निर्यात १६९९च्या इंग्रजी कायद्याने खुंटली होती. त्यात लागोपाठ पिके बुडाली आणि रस्त्यांवर पोरे कडेवर घेतलेल्या भिकारणी दिसू लागल्या. सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा डीन असलेला स्विफ्ट हे रोज पाहत होता.

९/१२
त्याच्या ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ या निनावी पुस्तिकेचा निवेदक शांत, हिशेबी आणि लोकहितदक्ष आहे. गरिबांची १,२०,००० मुले. २०,००० वंशवृद्धीसाठी राखावीत. उरलेली १,००,००० वर्षाची झाली की श्रीमंतांच्या जेवणासाठी विकावीत, असा त्याचा प्रस्ताव. किंमत नगास १० शिलिंग. पाककृतीचाही विचार त्याने केलेला आहे.

१०/१२
खरा धक्का त्या पाककृतीत नाही, तो निवेदकाच्या थंड सुरात आहे. विल्यम पेटीसारख्या अभ्यासकांनी माणसांची मोजदाद देशाची संपत्ती म्हणून करण्याची रीत रूढ केली होती. स्विफ्टने तीच भाषा उचलली. शेवटाकडे निवेदक खरे उपाय एकेक करून सांगतो आणि झिडकारतो : परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर, स्वदेशी मालाचा वापर, कुळांवर थोडी दया. मुखवट्याची शिवण तेथे दिसते. डिफोने नेमकी हीच शिवण ठेवली नव्हती.

११/१२
तरीही धोरण बदलले नाही. १७४०-४१मध्ये आयर्लंडात भीषण दुष्काळ पडला. याउलट १७२४-२५मध्ये स्विफ्टनेच कापडविक्याच्या नावाने तांब्याच्या नाण्यांच्या मक्त्याविरुद्ध पत्रे लिहिली होती. तेथे भाषा साध्या दुकानदाराची होती आणि मागणी एकच : ही नाणी घेऊ नका. १७२५मध्ये मक्ता रद्द झाला.

१२/१२
तेव्हा भीषण विनोदाकडून कायदा बदलण्याची अपेक्षा करणे व्यर्थ. ते काम सरळ भाषा आणि संघटित नकार करतात. तो विनोद एवढेच करतो, की एखाद्या निर्दय विचाराची सभ्य भाषा त्याच्याकडून हिरावून घेतो. स्विफ्टची पुस्तिका वाचलेल्या माणसाला गरिबांच्या भुकेवरील थंड आकडेमोड पुन्हा पूर्वीसारखी निरागस वाटत नाही. आणि जो विनोद आपला खरा रोख कुठेच दिसू देत नाही, तो ज्यांच्यावर उगारला त्यांच्याच हातचे हत्यार होतो, हे डिफोने तीन दिवस चौकात उभे राहून अनुभवले.