खिळे घासणारा मुलगा

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण मुलांकडून पाठ करून घेतो, आणि मुलीसाठी स्थळ पाहताना मात्र मुलाची नोकरी कायम आहे ना, हे आधी विचारतो. मी स्वतः पगारी शिक्षक. तेव्हा या विसंगतीला हसण्याचा अधिकार मला नाही. पण कोणी बांधलेला पगार सोडून धंद्यात पडल्याचे ऐकले, की मला निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी आठवतात.

जावजींचा जन्म १८३९ सालचा, मुंबईतल्या एका गरीब घरातला. शाळा नावापुरतीच झाली. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा २ रुपयांवर खिळे घासण्याच्या कामाला लागले. पोलादी ठशावर अक्षर कोरायचे, तो तांब्यावर ठोकून मातृका करायची, आणि तिच्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडायचा, अशी ती विद्या. ओतलेल्या खिळ्याच्या कडा घासून साफ कराव्या लागतात. एक खिळा केसभर उंच राहिला, तरी छापलेली ओळ बिघडते. हे काम वर्षानुवर्षे केलेल्या मुलाच्या बोटांना अक्षराचा दोष डोळ्यांच्या आधी कळत असला पाहिजे. पुढे आणखी काही छापखान्यांत नोकऱ्या झाल्या. पगार वाढला आणि हातही तयार झाला.

१८६४ साली जावजींनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. आरंभीच छापखाना काढला नाही, यात मला त्यांचे शहाणपण दिसते. खिळे वापराने झिजतात आणि पुन्हा घ्यावे लागतात. शिवाय आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे. इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक खिळे लागायचे. काल ज्यांच्या पदरी नोकरी करायची, तेच छापखानदार उद्याचे गिऱ्हाईक! जोडीला राणूजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी अक्षरकार होता.

छापखाना निघाला तो १८६९ साली, आणि त्याला नाव मिळाले निर्णयसागर पंचांगाचे. पंचांगात चूक करून कसे चालेल? एकादशी एक दिवस हुकली, तर घरोघर उपास चुकायचे! पुढे १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांचे मुलांसाठीचे ‘बालबोध’ मासिक आणि १८८६ पासून संस्कृत ग्रंथांची ‘काव्यमाला’ याच छापखान्यातून निघाली. स्वतः फारसे न शिकलेल्या या माणसाने काशिनाथ पांडुरंग परबांसारखे विद्वान जवळ केले, म्हणूनच निर्णयसागरची शुद्ध छपाई विख्यात झाली. जावजी १८९२ साली वारले. त्यांच्यामागे मुलांनी काम पुढे चालविले.

नोकरी सोडणाऱ्याच्या धाडसाचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण जावजींचे धाडस एका दिवसाचे नव्हते. ते नोकरीतल्या अनेक वर्षांत रोज थोडे थोडे घासून तयार झाले होते. माझ्या वर्गातला एखादा जुना विद्यार्थी येऊन, “गुरुजी, नोकरी सोडू का?” असे विचारतो, तेव्हा मी त्याला भांडवल किती आहे, हे नंतर विचारतो. आधी विचारतो, “बाबा रे, या नोकरीत तुझे हात काय शिकले?”

तो उत्तर शोधत असतो, तेवढ्यात मी चहा सांगतो.