प्रारंभस्थिती (वनकार्बन प्रतिमानांतील)

वनपरिसंस्थेतील कार्बनची देवघेव मांडणारे संगणकीय प्रतिमान चालवण्यापूर्वी झाडे, मृत लाकूड, पालापाचोळा आणि माती यांत आज किती कार्बन आहे ते ठरवून द्यावे लागते. या आकड्यांना प्रारंभस्थिती म्हणतात. उभ्या झाडांचा अंदाज वनगणनेतून मिळतो. खरी अडचण मातीची. विल्यम पार्टन व सहकाऱ्यांच्या ‘सेंच्युरी’ प्रतिमानात (१९८७) मातीतील सेंद्रिय कार्बनचे तीन साठे मानले आहेत. पहिला काही वर्षांत, दुसरा काही दशकांत कुजतो. तिसऱ्याला शेकडो ते हजारांहून अधिक वर्षे लागतात. हे साठे माती खणून वेगवेगळे मोजता येत नाहीत.

म्हणून बहुधा प्रतिमानालाच आधी चालवून घेतात (स्पिन-अप). उपलब्ध वर्षांचे हवामान पुन्हापुन्हा देऊन आणि कार्बन डायऑक्साइड औद्योगिकीकरणापूर्वीच्या पातळीवर, दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग, ठेवून साठे स्थिरावेपर्यंत हजारो वर्षांची गणिते केली जातात. ‘बायोम-बीजीसी’ या प्रतिमानात हीच रीत आहे. समतोल गाठल्यावर शोषण आणि उत्सर्जन सारखे होते, म्हणजे निव्वळ शोषण शून्य.

प्रत्यक्षातले जंगल क्वचितच असे असते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हार्वर्ड फॉरेस्टची बरीच जमीन एकेकाळी शेती व कुरणांसाठी मोकळी केली होती. एकोणिसाव्या शतकात शेते ओस पडली, झाडे परतली. १९३८च्या चक्रीवादळाने त्यांतली पुष्कळ पाडली. १९९०च्या दशकात तेथील मनोऱ्यावरून केलेल्या मोजणीत हेक्टरी वर्षाला सुमारे दीड ते पावणेतीन टन कार्बन शोषला जात असल्याचे दिसले. समतोलापासून थेट सुरुवात करणारे प्रतिमान हे शोषण दाखवण्यात कमी पडते किंवा त्याचे श्रेय चुकून वाढत्या कार्बन डायऑक्साइडला देते. म्हणून समतोलानंतर तोड, नांगरणी, वादळ यांचा इतिहास क्रमाने भरणे अत्यावश्यक आहे, आणि प्रतिमानकाराने सर्वांत जास्त कष्ट इथेच घ्यायला हवेत.

कॅनडाच्या वनसेवेचे ‘सीबीएम-सीएफएस३’ हे प्रतिमान अधिक वास्तव वाट घेते. त्यात जंगल वाढते, वणव्यात जळते, पुन्हा वाढते; लागोपाठच्या फेऱ्यांत मंद कुजणारे साठे जवळपास सारखे येईपर्यंत हे चालते. मग शेवटची आपत्ती घडवून वनगणनेतील वयापर्यंत झाडे वाढवतात. ती आपत्ती कोणती, हे नेमके सांगावे लागते. वणव्यानंतर मेलेली खोडे जागीच राहून दशकानुदशके कार्बन सोडतात. तोडीनंतर ती बाहेर नेलेली असतात. त्यामुळे सारख्याच वयाच्या दोन वनखंडांची प्रारंभस्थिती वेगळी धरली जाते.