डेटनचा खटला : दोन कैवारी आणि एक पगारी शिक्षक



उत्क्रांतिवाद आणि धर्मश्रद्धा यांच्या झगड्याची गोष्ट निघाली, की अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या डेटन गावचा १९२५ सालचा खटला हमखास सांगितला जातो. आणि तो सांगण्याची एक ठरावीक रीत पडून गेली आहे. एका बाजूस विज्ञान, दुसऱ्या बाजूस अडाणीपणा. इकडे क्लॅरेन्स डॅरो हा बुद्धिमान वकील, तिकडे विल्यम जेनिंग्ज ब्रायन हा हटवादी म्हातारा पुढारी. भर कोर्टात म्हाताऱ्याची फजिती, आणि पडदा. १९५५ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेल्या एका नाटकाने व १९६० साली त्यावरून निघालेल्या चित्रपटाने ही रीत पक्की केली. नाटककारांना आपल्या काळातील विचारस्वातंत्र्याच्या गळचेपीवर बोट ठेवावयाचे होते. त्यांनी जुन्या खटल्याचे निमित्त केले, माणसांची नावेसुद्धा बदलली. नाटक म्हणून ते ठीकच आहे. परंतु कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला या गोष्टीत एक निराळीच गोम दिसते. डेटनच्या कोर्टात एकमेकांवर तुटून पडलेले हे दोघेही गरिबांचे कैवारी होते.

ब्रायनची गोष्ट प्रथम घेतो, कारण त्याच्यावर अन्याय अधिक झाला आहे. १८९६ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, हा मनुष्य डेमोक्रॅटिक पक्षातर्फे अध्यक्षपदाला उभा राहिला. त्याच्यामागे कोण होते? कर्जात बुडालेला शेतकरी आणि मजूर. पुढे १९०० आणि १९०८ मध्येही तो उभा राहिला, आणि तिन्ही वेळा पडला. पण उत्पन्नावर कर, सिनेटच्या सभासदांची थेट लोकांकडून निवड, स्त्रियांना मताधिकार, या गोष्टी अमेरिकेच्या घटनेत आल्या त्यांच्यासाठी त्याने वर्षानुवर्षे गावोगाव व्याख्याने झोडली होती. १९०६ साली जगप्रवासात तो आपल्या देशात येऊन गेला आणि येथील ब्रिटिश राज्याचे त्याने जे वाभाडे काढले, ते आपल्या स्वातंत्र्यवादी मंडळींनी आवडीने छापून वाटले. १९१३ मध्ये तो अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री झाला आणि आपला देश महायुद्धाकडे ओढला जात आहे असे दिसताच १९१५ मध्ये त्याने राजीनामा दिला. तत्त्वासाठी मंत्रिपदावर पाणी सोडणारी माणसे आपण किती पाहिली, हे ज्याचे त्याने मोजावे.

आता डॅरो. १८९४ च्या पुलमन संपात रेल्वे कामगारांचा पुढारी यूजीन डेब्ज पकडला गेला, तेव्हा त्याचे वकीलपत्र याने घेतले. त्यासाठी रेल्वे कंपनीची चांगली नोकरी सोडली. पेनसिल्व्हानियाच्या कोळसा खाणीतील मजुरांची बाजू लवादापुढे मांडली ती यानेच. खाणकामगारांचा पुढारी बिल हेवूड याच्यावर खुनाचा आरोप आला, त्यातून १९०७ मध्ये त्याला सोडविणाराही हाच. आणि १८९६ च्या निवडणुकीत हा डॅरो ब्रायनचा प्रचारक होता! त्याच निवडणुकीत तो स्वतः काँग्रेसला उभा राहिला आणि पडला. म्हणजे एके काळी एका व्यासपीठावर बसलेली ही माणसे. मग एकोणतीस वर्षांनी ती समोरासमोर का आली?

ब्रायनचा राग केवळ बायबलातल्या अक्षरांसाठी नव्हता. डार्विनच्या ग्रंथानंतर हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाने १८६४ मध्ये एक शब्दप्रयोग रूढ केला. जो परिस्थितीला सर्वांत योग्य तो टिकतो, असा त्याचा अर्थ. डार्विननेही तो पुढे आपल्या ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत घेतला. धनिकांनी त्याचे भाषांतर आपल्या सोयीने केले, आणि ते आपल्या मराठीतल्या ‘बळी तो कान पिळी’ याहून फारसे निराळे नव्हते. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी हा स्पेन्सरचा मोठा भक्त. स्पर्धा व्यक्तीला जाचक झाली तरी मानवजातीच्या हिताची आहे, असे त्याने १८८९ मध्ये लिहिले. तीनच वर्षांनी, जुलै १८९२ मध्ये, त्याच्या होमस्टेड येथील कारखान्यात मजुरांची युनियन मोडण्यासाठी भाडोत्री बंदूकवाले तराफ्यांवरून नदीमार्गे आणले गेले. गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे मेली, आणि पोलाद कामगारांची ती संघटना पुढे कित्येक वर्षे डोके वर काढू शकली नाही. मालक त्या वेळी स्कॉटलंडमध्ये विश्रांती घेत होते. मजुराला उपाशी ठेवणे हा निसर्गाचाच नियम आहे असे जेव्हा शहाणे लोक सांगू लागतात, तेव्हा त्या नियमाविषयी मजुराच्या कैवाऱ्याला प्रेम कसे वाटावे?

पुढे महायुद्ध झाले. व्हर्नन केलॉग नावाचा अमेरिकन जीवशास्त्रज्ञ मदतकार्यासाठी जर्मन लष्करी ठाण्यात राहिला होता. तेथील अधिकारी जेवणाच्या टेबलावर जीवनकलहाचा सिद्धांत सांगून युद्धाचे समर्थन करीत, असे त्याने १९१७ च्या आपल्या पुस्तकात लिहिले. ब्रायनने ते वाचले आणि त्याच्या मनाने घेतले, की या सिद्धांताने जगातली दयाच संपणार.

ब्रायनचे निदान चुकले कोठे? ‘योग्य’ याचा अर्थ दांडगा असा त्याने धरला, आणि तो अर्थ त्याला त्याच्या शत्रूंनीच पढविलेला होता. डार्विनच्या म्हणण्यात योग्य म्हणजे त्या त्या परिस्थितीत जगून प्रजा वाढवू शकणारा. तो गवताचे पातेही असू शकेल. डार्विनबरोबरच हा सिद्धांत स्वतंत्रपणे शोधणारा आल्फ्रेड वॉलेस हा जमीन राष्ट्राच्या मालकीची व्हावी म्हणून झटणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष होता! आणि रशियातला सरदारपुत्र क्रोपोटकिन याने सैबेरियात प्राण्यांचे कळप पाहून १९०२ मध्ये ग्रंथच लिहिला, की जगण्याच्या झगड्यात परस्परांना साहाय्य करणारे अधिक टिकतात. सार्वजनिक वाचनालयातून तो ग्रंथ आणून मी दोनदा वाचला आहे, आणि कारखान्याच्या गेटवरच्या सभांत त्याचा दाखलाही दिला आहे. असो. ब्रायनला हे मार्ग मोकळे होते. त्याने कायद्याचा मार्ग धरला.

तो कायदा टेनेसीत आला. बटलर नावाच्या शेतकरी आमदाराने विधेयक मांडले, खालच्या सभागृहात ते ७१ विरुद्ध ५ मतांनी संमत झाले आणि २१ मार्च १९२५ रोजी गव्हर्नरची त्यावर सही झाली. सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही शाळेत, बायबलातील मनुष्योत्पत्तीची कथा नाकारणारा आणि मनुष्य खालच्या प्राण्यांपासून झाला असे सांगणारा सिद्धांत शिकवावयाचा नाही. शिकविल्यास १०० ते ५०० डॉलर दंड. यातली एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बंदी फक्त माणसापुरती होती. घोडा, मासा, झाडपाला कशापासून झाला हे खुशाल शिकवा! लोकांचा जीव अडकला होता तो माणसाच्या इभ्रतीत.

नागरिकांच्या हक्कांसाठी १९२० मध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेने वर्तमानपत्रातून जाहीर केले, की या कायद्याला आव्हान देण्यास कोणी शिक्षक तयार असेल तर खर्च आम्ही करू. डेटन हे सुमारे १८०० वस्तीचे गाव. तेथील लोखंडाची भट्टी बंद पडलेली, उद्योग बसलेला. कोळसा व लोखंडाच्या कंपनीचा व्यवस्थापक रॅपलये याने ही जाहिरात वाचली आणि रॉबिन्सनच्या औषधाच्या दुकानात गावातल्या चार प्रतिष्ठितांना जमवून सांगितले, की हा खटला येथे झाला तर गावाचे नाव होईल. बंद भट्टीच्या गावाला गिऱ्हाईक हवे होते, तत्त्व नंतर आले. मग टेनिस खेळत असलेल्या जॉन स्कोप्स या चोवीस वर्षांच्या शिक्षकाला बोलावून घेतले. तो मुख्यतः फुटबॉल शिकवी, मूळ शिक्षक आजारी म्हणून काही दिवस जीवशास्त्राच्या वर्गावर गेला होता. पुस्तक होते हंटर याचे ‘सिव्हिक बायॉलॉजी’, राज्यानेच नेमलेले, आणि विकायला होते त्याच रॉबिन्सनच्या दुकानात. दुकानदार तालुक्याच्या शाळा मंडळाचा अध्यक्षही होता. म्हणजे पुस्तक नेमणारे, विकणारे आणि ते शिकविले म्हणून शिक्षकाला आरोपी करणारे सगळे एकाच कंपूतले.

त्या पुस्तकाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे, कारण डेटनची गोष्ट सांगणारे ते सहसा बोलत नाहीत. त्यात उत्क्रांतीची पाने थोडी होती. पण त्यातच मानववंशांची उतरंड लावून गोऱ्यांना सर्वांत वर बसविले होते. दुबळ्या मनाच्या, दरिद्री, गुन्हेगार ठरविलेल्या घराण्यांना समाजावरची बांडगुळे म्हटले होते आणि त्यांची वाढ रोखण्याचे उपाय सुचविले होते. विज्ञानाच्या वेष्टनात गरिबांविषयीचा तिरस्कार मुलांच्या हाती दिला जात होता. ब्रायनच्या भीतीला काहीच आधार नव्हता असे कोणी म्हणू नये. त्याची दुसरी बाजूही सांगतो. १९२४ च्या पक्ष अधिवेशनात कू क्लक्स क्लॅनचा नाव घेऊन निषेध करण्यास त्याने विरोध केला होता. निग्रोंच्या बाबतीत या दीनदयाळाची दया आखडती होती.

खटला १० जुलैला सुरू झाला. शिकागोच्या नभोवाणीने तो थेट प्रसृत केला. अमेरिकेत असे प्रथमच घडत होते. बचावाने शास्त्रज्ञ आणले होते, त्यांतले कित्येक चर्चला जाणारे श्रद्धावान ख्रिस्ती होते. उत्क्रांती मानूनही देव मानता येतो हे त्यांना सांगावयाचे होते. ज्यूरीपुढे त्यांची साक्ष होऊ द्यावयाची नाही असे न्यायाधीशाने ठरविले. त्यावरच्या वादात डडली मेलोन या बचावाच्या वकिलाचे भाषण झाले आणि ब्रायनच्या भाषणापेक्षा त्याला टाळ्या अधिक पडल्या, त्याही ब्रायनच्या भक्तांच्या. हा मेलोन ब्रायन मंत्री असताना त्याच्याच खात्यात त्याच्या हाताखाली होता.

२० जुलैला उकाडा आणि गर्दी यांमुळे कोर्ट बाहेर हिरवळीवर भरले, आणि डॅरोने ब्रायनलाच साक्षीदार म्हणून बोलावले. योनाला माशाने गिळले हे खरे काय? यहोशवाने सूर्य थांबविला म्हणजे नेमके काय थांबले? काइनला बायको कोठून मिळाली? पृथ्वी इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये निर्माण झाली काय? सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही, असे ब्रायनच्या तोंडून निघाले आणि त्याचेच अनुयायी चपापले. हा प्रसंग इतक्यांनी रंगविला आहे की मी तो लांबवीत नाही. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशाने ती सारी साक्ष कामकाजातून काढूनही टाकली.

येथे जीवाच्या उगमाविषयी दोन शब्द. मला सभांतून नेहमी विचारतात, की पहिला जीव कसा झाला हे डार्विनने कोठे सांगितले आहे? सांगितलेले नाही. १८५९ चा त्याचा ग्रंथ जीवजाती कशा बदलतात याविषयी आहे. निर्जीव द्रव्यांतून सजीव कसा घडला असेल याचा विचार १९२४ मध्ये मॉस्कोत ओपारिनने आणि १९२९ मध्ये इंग्लंडात हॉल्डेनने मांडला. हे हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले, येथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. १९५३ मध्ये मिलरने शिकागोत साध्या वायूंच्या मिश्रणातून विजेची ठिणगी पाठवून प्रथिनांचे काही मूळ घटक मिळविले. तेथून सजीव पेशीपर्यंतची वाट अजून चालून व्हावयाची आहे. पण ती वाट अर्धी आहे म्हणून माणूस व वानर यांचे पूर्वज एक होते हे खोटे ठरत नाही. घराचा पहिला दगड कोणी ठेवला हे न कळले तरी मजले कसे चढले ते भिंतींवरून वाचता येते.

माझे खरे भांडण ब्रायनशी आहे ते निराळ्याच मुद्द्यावर. त्याचे म्हणणे असे, की शिक्षकाचा पगार करदाते देतात, तेव्हा त्याने काय शिकवावे हे करदात्यांनीच ठरवावे. पगाराच्या चेकवर ज्याची सही, शाळेवर त्याचा हुकूम. वर पाहता हे लोकशाहीचे बोलणे आहे. पण युनियनच्या माणसाला ते लगेच ओळखू येते. ‘पैसे मी देतो, तेव्हा तोंड मी सांगेन तेव्हाच उघडायचे,’ हे वाक्य प्रत्येक मालकाच्या तोंडी मी ऐकले आहे. मालक एक असो की दहा लाख मतदार असोत, मजुरी देऊन माणसाचे श्रम विकत मिळतात, दोन आणि दोन किती हे सांगण्याचा अधिकार मिळत नाही. ज्याने तीस वर्षे पैसेवाल्याच्या हुकुमाविरुद्ध शेतकरी-मजुरांना उभे केले, त्याने शेवटी एका पगारी शिक्षकाविरुद्ध तोच हुकूम पुढे करावा, हा मला डेटनमधला खरा पराभव वाटतो. योनाच्या माशापाशी तो झालाच नव्हता.

वरच्या कोर्टात जाता यावे म्हणून डॅरोने स्वतःच ज्यूरीला दोषी ठरविण्यास सुचविले. ज्यूरी नऊ मिनिटांत परत आली. १०० डॉलर दंड. अखेरच्या भाषणांना फाटा मिळाल्याने ब्रायनचे तयार भाषण तसेच राहिले. पाच दिवसांनी, २६ जुलैला, दुपारच्या झोपेत डेटनमध्येच त्याचा अंत झाला. ते न केलेले भाषण मागाहून छापले गेले. काही स्वयंघोषित श्रेष्ठांनी माणसांची पैदास जनावरांसारखी ठरवावी, या कल्पनेवर त्यात कडक हल्ला आहे. आणि गंमत पाहा : पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, डॅरोने त्याच सुप्रजननाच्या पंथाविरुद्ध मासिकात लेख लिहून तशीच झोड उठविली. दोन्ही कैवाऱ्यांना एकच शत्रू दिसला होता, पण कोर्टात तो मुद्दा निघालाच नाही. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘दुबळ्या मनाच्या’ ठरविलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करणारा व्हर्जिनियाचा कायदा उचलून धरला. त्याविरुद्ध डेटनसारखी जत्रा कोठे भरली नाही.

आपल्याकडेही हा वाद शिळा नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, केंद्रातले एक राज्यमंत्री म्हणाले, की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, तेव्हा डार्विन शिकविणे बंद करावे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून ते खोडले. २०२३ मध्ये केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, ओझे कमी करण्याच्या नावाखाली. तेव्हा अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी जाहीर पत्र लिहिले. डेटनला निदान कायदा होता, आरोपी होता, उलटतपासणी होती. येथे पाने नुसती गळाली, आणि दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलाला ती गळाली हेही कळणार नाही. कारखान्यात माझ्याकडे येणारी पोरे बहुतेक त्यांतलीच असतात.

स्कोप्सचा दंड टेनेसीच्या वरिष्ठ न्यायालयाने जानेवारी १९२७ मध्ये रद्द केला, तो तांत्रिक कारणावर : ५० डॉलरच्या वरचा दंड ज्यूरीने ठरवावयास हवा होता, तो न्यायाधीशाने ठरविला. त्यामुळे कायदा शाबूत राहिला आणि अपील पुढे नेण्याची सोय उरली नाही. स्कोप्स भूशास्त्र शिकून तेलाच्या धंद्यात गेला. पाठ्यपुस्तकांचे प्रकाशक शहाणे झाले. त्यांनी उत्क्रांती हा शब्दच हळूहळू गाळला. कायदा आणखी चाळीस वर्षे पुस्तकात पडून होता. १९६७ च्या वसंतात त्याच राज्यातील एका शिक्षकाला त्या कायद्याखाली नोकरीवरून काढण्यात आले. त्याने दाव्याची तयारी केली, तेव्हा शाळा मंडळाने त्याला कामावर परत घेतले. तरी त्याने दावा मागे घेतला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात विधिमंडळाने बटलरचा कायदा रद्द केला.