मका, ज्वारी आणि चुना

एखादे धान्य नव्या देशात जाते तेव्हा त्याचे बी जाते; ते सिद्ध करण्याची विद्या त्याच्याबरोबर जातेच असे नाही. बीड जिल्ह्यातील मक्याचा व्यवहार या दृष्टीने उद्बोधक आहे.

मका मूळचा मेक्सिकोचा. तेओसिंते नावाच्या रानगवतापासून तेथील आदिवासी शेतकऱ्यांनी तो घडविला. ग्वेर्रेरो प्रांतातील एका शैलाश्रयात मिळालेले मक्याचे सूक्ष्मावशेष सुमारे ८,७०० वर्षांपूर्वीचे आहेत. ओआहाका प्रांतातील गिला नाकित्झ गुहेतील कणसे सुमारे ६,२५० वर्षांपूर्वीची ठरली आहेत. या समाजांनी मक्यावरील संस्कारही शोधून काढला. दाणे चुन्याच्या अथवा राखेच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवावयाचे, टरफले चोळून काढावयाची आणि ओले दाणेच दगडी पाट्यावर वाटावयाचे, अशी ती रीत होय. या संस्काराच्या ‘निश्तमल्ली’ या नाहुआत्ल नावात ‘नेश्तली’ म्हणजे राख हे पद आजही ओळखू येते.

सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज व्यापारामुळे अमेरिकेतील पिके भारतात येऊ लागली. मराठवाड्यात मका रुजला तो ज्वारीच्या राज्यात. ज्वारीही मूळची आफ्रिकेची. परंतु दीर्घ सहवासाने ती येथील भाषेत मुरली होती. नव्या पिकास ‘मका’ हे स्वतंत्र नाव लाभले, तरी त्याच्या अवयवांना व पदार्थांना ज्वारीचेच शब्द लागले : ताट, कणीस, कण्या, लाह्या, भाकरी. वस्तुतः ज्वारीचे कणीस ताटाच्या शेंड्यास येते. मक्याच्या शेंड्यास केवळ नरफुलांचा तुरा असतो व कणीस पानाच्या बगलेतून फुटते. भेद उघड असूनही शब्द तोच राहिला, आणि शब्दामागोमाग कृतीही. कोरडे दाणे जात्यावर दळून पीठ थापण्याच्या पद्धतीत चुन्याला स्थानच नव्हते. पानाच्या चंचीत चुन्याची डबी होती. तिची आणि मक्याची गाठ मात्र पडली नाही.

या वियोगाचे मोल मोठे असू शकते. चुन्याच्या संस्काराने मक्यातील बद्ध नायसिन शरीरास उपलब्ध होते. तो न शिकता युरोपातील ज्या गरीब शेतकऱ्यांनी मका हेच मुख्य अन्न केले, त्यांच्यात पेलाग्रा पसरला. स्पेनमध्ये गास्पार कासाल याने १७३५ साली हा रोग नोंदविला. बीड परिसरात मका भाजलेले कणीस आणि जनावरांची वैरण एवढ्यापुरताच प्रामुख्याने राहिला. परंतु त्यामुळे प्रश्न संपत नाही. ज्या हैदराबाद राज्यात बीड जिल्हा १९५६ पर्यंत होता, त्याच्या राजधानीत पुढे संशोधन करणाऱ्या सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतील पेलाग्राकडे लक्ष वेधले आणि ज्वारीतील ल्यूसिनचे आधिक्य हे त्याचे कारण असल्याचे प्रतिपादन केले.

तेव्हा दोष परक्या धान्याचा नाही, तसा आपल्या धान्याचाही नाही. एकाच धान्यावर पोट भरावयास लावणाऱ्या दारिद्र्याचा आहे. मेक्सिकोत मक्याच्या जोडीस घेवडा असे. मराठवाड्यात भाकरीच्या जोडीस तुरीचे वरण आणि शेंगदाणे असतात. ही जोड तुटते तेथे रोग शिरतो. उत्खननात दाणे व कणसे हाती लागतात. त्यांवरील संस्कार मात्र भाषेतही शोधावा लागतो. मराठीत चुन्यात शिजविलेल्या मक्यास नाव नाही. ही उणीव हाही इतिहासाचा एक पुरावाच होय.