यंत्राला नाणे कसे कळते?

रेल्वेच्या फलाटावर नाणे टाकून वजन सांगणारे यंत्र आपल्यापैकी अनेकांनी वापरले असेल. नाणे टाकले की आत खडखड होई आणि जाड कागदाचे तिकीट बाहेर पडे. पण आपण पैसेच टाकले, हे त्या यंत्राला कसे कळे?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने देवळात पवित्र पाणी देणाऱ्या एका यंत्राचे वर्णन लिहिले. फटीतून टाकलेले नाणे तरफेच्या टोकावरील चकतीवर पडते. तरफ कलते, झडप उघडते, पाणी वाहू लागते. नाणे चकतीवरून घसरले की तरफ पूर्वस्थितीत येते आणि पाणी थांबते. म्हणजे यंत्राला कळते ते फक्त वजन. तेवढ्याच वजनाचा खडा टाकला तरी पाणी मिळेलच!

इंग्लंडमधील जुन्या पथिकगृहांत तंबाखूच्या पितळी पेट्या असत. नाणे टाकले की झाकण उघडे. एकाच चिलमीपुरती तंबाखू घेऊन झाकण लावणे मात्र गिऱ्हाइकाच्या प्रामाणिकपणावर सोपवलेले असे.

१८८० च्या दशकात लंडनमध्ये पोस्टकार्डे विकणारी यंत्रे आली. १८८८ साली न्यूयॉर्कच्या रेल्वे फलाटांवर च्युइंगगमची यंत्रे लागली. तेथे लक्ष ठेवायला कोणी नव्हते. साहजिकच नाण्याऐवजी लोखंडी चकत्या टाकण्याची युक्ती निघाली. तिला उत्तर म्हणून यंत्रात चाळण्या वाढत गेल्या. फटीच्या मापाने आकार तपासला, तराजूने वजन आणि लोहचुंबकाने लोखंड. पुढे आणखी एक सोय झाली. चुंबकाजवळून घरंगळणाऱ्या नाण्यात विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि त्याचा वेग मंदावतो. किती मंदावतो, हे धातूवर अवलंबून असते.

आज ही जुनी यंत्रे जमवणाऱ्यांपुढे निराळीच अडचण आहे. ब्रिटनमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान चलन लागू झाले. जुनी पेनी सुमारे ३१ मिलिमीटर व्यासाची आणि ९.४ ग्रॅम वजनाची होती. नवी पेनी २०.३ मिलिमीटर आणि ३.५६ ग्रॅमची. नवे नाणे चालावे म्हणून फट आणि तराजू बदलले, तर यंत्र चालेल, पण कोणत्या नाण्यासाठी ते बनले होते याचा पुरावा पुसला जाईल. म्हणून तेथील काही संग्रहालये यंत्राला हात लावत नाहीत. ती पाहुण्यांनाच नव्या पैशांच्या बदल्यात जुन्या पेन्या देतात. आम्हाला हाच मार्ग योग्य वाटतो.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. आपला आजचा स्टेनलेस स्टीलचा रुपया चुंबकाजवळ न्या. तो चिकटतो! म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या चुंबकाने आपला खरा रुपया खोटा ठरवला असता. मग रुपया ओळखणाऱ्या यंत्रात कोणत्या चाळण्या हव्यात? विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या.