टाचण आणि तपासणी: शिक्षकाच्या दोन कामांची फारकत

वर्गात उभे राहण्यापूर्वी शिक्षकाने करावयाची लेखी आखणी, म्हणजे 'पाठ टाचण', आणि वर्ग संपल्यानंतर उरणारी वह्या व उत्तरपत्रिकांची तपासणी, या दोन कामांत वेळेची ओढाताण होते, ही महाराष्ट्रातील शिक्षकांची जुनी तक्रार आहे. या ओढाताणीचा विचार बहुधा शिक्षकाच्या व्यक्तिगत शिस्तीचा प्रश्न म्हणून केला जातो. परंतु ही दोन कामे कोणत्या परिस्थितीत वेगळी झाली आणि त्यांपैकी कोणत्या कामाची दखल कोण घेत होते, हे पाहिल्यास प्रश्नाचे मूळ शिक्षकाच्या घड्याळापेक्षा शिक्षणखात्याच्या हिशेबात अधिक सापडते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीपर्यंत गावोगावी चालणाऱ्या पंतोजींच्या शाळांत आजच्या अर्थाने इयत्ता नव्हती. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सावकाराच्या ओट्यावर बसलेल्या मुलांपैकी कोणी धुळाक्षरे गिरवीत असे, कोणी मोडीचा कित्ता वळवीत असे, तर कोणी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांची उजळणी मोठ्याने म्हणत असे. प्रत्येक मुलाचा कित्ता पाहून पुढचा कित्ता घालून देणे हीच पंतोजीची तपासणी होती आणि तेच त्याचे नियोजन होते. लहान मुलांची उजळणी थोरल्या विद्यार्थ्याकडून करून घेण्याची रीतही रूढ होती. मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल याने भारतीय शाळांतील अशाच पद्धतींवरून प्रयोग केले आणि 1797 मध्ये त्यांचा वृत्तांत इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केला. या शाळांचा गौरव करण्याचे कारण नाही, कारण तेथे छडीचा धाक होता आणि मुली व अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुले यांना प्रवेश जवळपास नव्हताच. मात्र शिकवणे आणि पारखणे यांत तेथे अंतर नव्हते, एवढे खरे.

हे अंतर 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर पडू लागले. या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण आखले, 1855 मध्ये मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षणखाते स्थापन झाले आणि 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले. विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजेच मॅट्रिक, 1859 मध्ये झाली आणि महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. शिकवणारा एक आणि गुण देणारा दुसरा, ही व्यवस्था यातून रूढ झाली. शिक्षकाच्या दृष्टीने याहूनही दूरगामी ठरली ती निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो याच्या 1862 च्या सुधारित संहितेने वाचन, लेखन व अंकगणित या विषयांतील प्रत्येक मुलाच्या परीक्षेवर शाळेचे अनुदान अवलंबून ठेवले. त्याच दशकात मुंबई इलाख्यातील अनुदानाच्या नियमांतही हे तत्त्व आले. तपासनीस अधिकारी शाळेत येई, मुलांची विषयवार परीक्षा घेई आणि उत्तीर्णांच्या संख्येवरून रक्कम ठरे. अशा स्थितीत शिक्षकाने वर्षभराची आखणी कशाची करावी हे उघडच होते: अधिकारी जे विचारील त्याची. नियोजन परीक्षेच्या पोटात गेले ते येथे, आणि पुढील शतकभर ते पुरते बाहेर आले नाही. हंटर आयोगापुढे 1882 मध्ये निवेदन देताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षकाला निदान 12 रुपये आणि मोठ्या गावांत 15 ते 20 रुपये पगार असावा, अशी मागणी केली. शिक्षकाकडून निकालाची अपेक्षा करणाऱ्यांनी त्याला किती तुटपुंज्या मोबदल्यावर राबवले होते, याचा अंदाज या मागणीवरून करता येतो.

टाचणाचा उगम मात्र निराळा आहे. जर्मन तत्त्वज्ञ योहान हर्बार्ट (1776–1841) याच्या विचारांवरून त्याच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या बांधल्या आणि प्रशिक्षण महाविद्यालयांतून त्या मराठी शिक्षकांपर्यंत 'पंचपदी' म्हणून पोहोचल्या. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन आणि उपयोजन अशा स्वरूपात त्या शिकवल्या जात. मुंबईत 1906 मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय सुरू झाल्यावर सराव पाठ आणि त्याचे लेखी टाचण हा शिक्षकी पेशाच्या दीक्षेचाच भाग बनला. विचार करून शिकवण्याची सवय लावणारी ही पद्धत शाळेत रुजताना मात्र मुख्याध्यापकाच्या सहीची वही होऊन बसली आणि जुन्या टाचणावरून नवे टाचण उतरवून काढण्याची प्रथा पडली. ती टाळता येण्यासारखी नव्हती, कारण टाचण वाचणारा एकटा मुख्याध्यापक असे, तर गुण पालक, संस्था, खाते आणि पुढे नोकरी देणारा असे सगळेच वाचत. ज्या कागदाला वाचक अधिक, त्याच्याकडे शिक्षकाचा वेळ वळणे स्वाभाविक होते.

स्वातंत्र्यानंतर ही दोन्ही कामे जोडण्याचे प्रयत्न झाले. बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली 1957-58 च्या सुमारास भारतात परीक्षा सुधारणेच्या कार्यशाळा झाल्या. त्या विचारातून घटक नियोजन, घटक चाचणी आणि प्रश्नपत्रिकेतील उद्दिष्टांचा व गुणांचा भार दाखवणारा 'संविधान तक्ता' शाळांत आला. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाल्यावर महाराष्ट्राने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले. त्यात शिकता-शिकता होणारे 'आकारिक' आणि सत्राअखेरचे 'संकलित' असे दोन भाग होते. निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय अशा साधनांनी मुलाला पारखावे आणि त्यावरून पुढचे शिकवावे ही कल्पना पंतोजीच्या कित्त्याशी नाते सांगणारी होती. पण ती तीस-चाळीस मुलांच्या वर्गात वर्णनात्मक नोंदींच्या रकान्यांतून राबवली गेल्याने तपासणीचे ओझे हलके होण्याऐवजी वाढले. याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास ठरवताना पूर्वतयारीचा वेळ त्यातच धरला आहे; तपासणीच्या वेळेचा तेथे वेगळा उल्लेख नाही.