शिंगणापूरचा पुष्कर तलाव

* डोंगरावरचे तळे : सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, शिखर शिंगणापूर येथील पुष्कर तलाव. या गावाला आधार या पाण्याचा. माण हा सांगलीच्या आटपाडी-जतसारखाच पर्जन्यछायेतला मुलूख. येथे वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील महाबळेश्वरला त्याच्या दसपट. येथील शंभूमहादेवाच्या दर्शनाला येणाऱ्यांचे पाण्यावाचून हाल होत, म्हणून शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी १६०० च्या सुमारास हा तलाव बांधवला. माझ्या मते, दुष्काळी गावावर राजाने केलेला याहून मोठा उपकार क्वचितच सापडेल.

यात्रेकरूही येथे रिकाम्या हाताने येत नाहीत. चैत्र शुद्ध द्वादशीला सासवडकरांची तेल्या भुत्याची मानाची कावड मुंगी घाटाने वर येते. घाटाचा चढ अंगावर येणारा, उन्हाने तापलेला. तेथे एकमेकांना हात देत, माणसांची साखळी करून जड कावड वर चढवावी लागते. तिच्यातल्या कऱ्हा नदीच्या पाण्याने महादेवाला अभिषेक होतो.